अर्धं तोंडात, अर्धं राखेत

यंदा बाडीत चार जातींची भेदरी लावली आणि चारही माझ्या नवऱ्याला झोंबली.

भेदरं म्हणजे टोमॅटो. गोंदियाच्या बाजारात टमाटर म्हणावं लागतं, नाहीतर भाजीवाला गावाकडची समजून मऊ पडलेली गळ्यात मारतो. आमगावपासून आत आलं की भेदरंच. बाडी म्हणजे घरामागची, विहिरीपर्यंतची जागा. कोणती जात चांगली निघाली असं शेजारच्या बाया विचारतात आणि मी सांगतेही. आंबट कोणतं, गोड कोणतं, साल कुणाची जाड, कोणतं उन्हानं तडकतं. पण एकटी बसून हंगाम आठवते तेव्हा मला चव आठवत नाही, नवऱ्याचं तोंड आठवतं. सगळा हिवाळा मी बघत होते भेदऱ्यांकडे आणि भीती वाटत होती त्या तोंडाची.

आमच्या घरी बी धरायची एक रीत आहे. सासूनं मला ती लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शिकवली. पहिल्या घोसातलं सगळ्यात देखणं फळ हेरायचं आणि त्याच्या देठाला चिंधी बांधायची, म्हणजे ते कुणी तोडत नाही. पुरतं पिकलं की घरच्या माणसानं चावून अर्धं खायचं आणि उरलेलं अर्धं चुलीच्या राखेत कुस्करून भिंतीला थापायचं. पुढच्या वर्षी ती वाळकी चकती खरवडली की बी तयार. ‘अर्धं तोंडात, अर्धं राखेत,’ असं सासू म्हणायची. जे चाखलं नाही त्याचं बी धरायचं नाही, कारण दिसायला देखणी आणि चवीला पाणी अशी फळं माणसांसारखीच पुष्कळ असतात. आणि सुरी लावायची नाही, दातानंच तोडायचं, हेही तिचंच.

सासू गेल्यापासून चाखायचं काम नवऱ्याकडे आलं. जीभ त्याची आईसारखीच आहे, मिठाचा खडा कमी पडला तरी ताटावरून सांगतो. आणि तोंडाचं तर काय विचारता! त्या पहिल्या हिवाळ्यात मला हसवायला म्हणून त्यानं बाडीत उभ्याउभ्या एक अख्खं भेदरं तोंडात कोंबलं होतं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, रस हनुवटीवरून सदऱ्यावर. सासू आतून ओरडली, “मरशीन ना रे!” मी नवी नवरी, पदर तोंडात धरून हसत होते.

त्याला खर्ऱ्याचा नाद आहे. आमच्याकडे कुणाला नाही? सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात, पन्नी खिशात आणि चिमूट गालात. धानाच्या रोवणीला माणसं बोलवा, आधी खर्रा द्यावा लागतो, मग त्यांचे हात चिखलात जातात. पाहुण्यापुढे पाण्याच्या आधी पन्नी येते. मी भांडले, अबोला धरला, पन्न्या चुलीत घातल्या. त्यावर तो हसायचा आणि दुसऱ्या खिशातून दुसरी काढायचा. धुणं धुताना त्याच्या प्रत्येक सदऱ्यातून रिकाम्या पन्न्या निघतात. ओल्या हाताला त्या चिकटल्या की मला किळस येते आणि रागही येतो.

संक्रांतीच्या सुमारास सासूच्या बियाचं चिंधीवालं फळ पिकलं. चपटं, खोबणी खोबणीचं, देठाजवळ थोडं हिरवट राहणारं. साल पातळ, रस भरपूर, आणि आंबट असं की भाजून चटणी केली तर दुसरं काही आंबट घालावं लागत नाही. चार जातींत माझा पहिला नंबर आजही त्याचाच. नवऱ्यानं ते चावलं आणि सीऽऽ करून मान झटकली.

“झोंबून राहिलं व!”

“भेदरं कुठी झोंबते का? मिरची खाल्ली असन तुमी.”

“शेणखत जास्त टाकलं तू. कायले एवढं टाकतेस?”

मी हसले. राखेसाठी उरलेलं फळ हातात घेतलं तेव्हा माझं हसू गेलं. एरवी तो अर्धं खायचा, हे जवळजवळ अख्खंच होतं. एका कडेला उंदरानं कुरतडावं तेवढंच गेलं होतं.

दुसरी जात माझ्या माहेरची, नवेगाव बांधची. तळ्याकाठच्या बाडीत होतात ती पिवळी, अंड्याएवढी, गोडसर. आंबटपणा नावालाच. भाजीत कुचकामी, रंगच येत नाही, पण लहान लेकराच्या हातात द्यावं असं गरीब फळ. ते पिकलं तेव्हा मी मुद्दाम आधी एक स्वतः खाल्लं आणि मग चिंधीवालं त्याला दिलं. त्यानं डोळे मिटले. पाणी आलं डोळ्यांत.

“तुह्या माहेरचं बीच तिखट,” तो म्हणाला.

माहेरावर बोललं की मी कधी गप्प बसत नाही, पण त्या दिवशी मी त्याच्या हातातलं उरलेलं फळ घेऊन राखेकडे वळले. मग इतर गोष्टीही दिसायला लागल्या. तो भातावर नुसतं ताक घेत होता. वरण गार होईपर्यंत ताटापुढे बसून राहत होता. भाजीची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणायचा, भूक नाही. दिवसभर धानाची पोती हलवलेला माणूस आणि म्हणे भूक नाही! डॉक्टरला तोंड दाखवा म्हटलं की अंगावर यायचा.

आणि शीळ गेली. आमच्याकडे जंगलातून वानरं येतात. भेदरं पिकलं की त्यांना आमच्या आधी कळतं. नवऱ्याची शीळ अशी होती की चुलीपाशी माझ्या कानात दडे बसायचे आणि वानरं चिंचेवर जाऊन बसायची. या हंगामात एका सकाळी टोळी कुंपणावर आली. तो ओट्यावरून धावला, ओठ पुढे केले आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा केलं, पुन्हा हवाच. वानरं त्याच्याकडे बघत निवांत खात होती. मग त्यानं टीनाचा डबा उचलला आणि काठीनं बडवत सुटला. वानरं गेल्यावरही तो डबा बडवतच होता. मला ओरडून सांगावं लागलं, गेली ती, पुरे करा.

त्यानंतर झाडं बिघडली, आणि नेमकी सासूच्या बियाची ओळ आधी. पानांवर फिकट आणि गडद हिरवे डाग आले, नवी पानं सुतळीसारखी बारीक होऊन मुरडली. फूल यायचं आणि गळायचं. मी राख टाकली, निंबोळीचं पाणी मारलं. डाग एका झाडावरून पुढच्या झाडावर, ओळीनं सरकत होते. रोज सकाळी मी आधी शेवटचं झाड बघायचे. बी भिंतीला थापलेलं होतं, पण तेही याच ओळीतलं.

बायकांच्या बचत गटात शेतीचं शिकलेली एक मुलगी यायची. तिला मी बाडीत नेलं. तिनं पान उलटंसुलटं केलं, ओळीवरून नजर फिरवली आणि विचारलं, “घरात तंबाखू कोण खातं?”

मला वाटलं, हिला तोंडाचं कुणी सांगितलं? पण ती झाडांबद्दलच विचारत होती. तंबाखूच्या झाडाचा एक रोग असतो, म्हणाली, तो वाळक्या तंबाखूतही टिकून राहतो. खर्रा चोळलेल्या हातानं कुणी झाडाचे कोंब खुडले की तो हातातून झाडात जातो. मग ती बोटं पुढच्या झाडाला लागली की तिथे. आजारी झाडाला औषध नाही. उपटा, जाळा, हात साबणानं धुवा, आणि या फळांचं बी धरू नका.

फांद्यांच्या बगलेतले कोंब खुडायचं काम नवऱ्याचं होतं. सकाळी उठला की चिमूट गालात, आणि तीच बोटं घेऊन तो ओळीनं जायचा. आईची झाडं म्हणून आधी त्या ओळीत. इतकी माया की एक कोंब राहू द्यायचा नाही.

संध्याकाळी त्याला सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला.

“म्हंजे झाडाले बी कॅन्सर होऊन राहिला का माह्यानं?”

तो शब्द घरात आणला तो त्यानंच. मी इतके दिवस जिभेवर येऊ दिला नव्हता. तो बोलून गेला. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही. वास आल्यावर मी उठले.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईची ओळ स्वतः उपटली. भिंतीवरची चकतीही मी खरवडून आगीत टाकली. विहिरीच्या पलीकडे, सांडपाण्यावर आपोआप उगवलेलं त्याच जातीचं एक झाड होतं. तिथपर्यंत त्याचा हात पोचला नव्हता. तेवढं निरोगी राहिलं. मी बजावलं, त्या झाडाला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. त्यानं मान हलवली. खर्रा सोडला असेल असं वाटतं का तुम्हाला? छे. त्यानं हात बदलला. खर्रा डाव्या हातानं आणि काम उजव्या हातानं. मला दाखवलंही, शाळेतल्या पोरासारखं, की बघ कसं जमते. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

उरलेल्या दोन जातींचं थोडक्यात सांगते. त्यांचं बी एका बियाण्यांच्या मेळाव्यातून आणलं होतं. एक जांभळट काळी, दिसायला वांग्याची बहीण, चव खोल आणि थोडी खारट. चांगली आहे, पण दुपारच्या उन्हात तडकते. दुसरी गुलाबी, काळजाच्या आकाराची, एकेक फळ मुठीपेक्षा मोठं. सगळा दिखावा. आत पिठूळ, रस नाही. दोन्ही त्याला झोंबल्या. काळीला तर त्यानं नुसती जीभ लावली. गालाच्या आत मला पांढरं दिसलं, पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते तसं. त्यानं लगेच तोंड मिटलं.

त्याच दिवसांत गल्लीतली एक बाई भेदरी मागायला यायला लागली. तिचा नवरा हनुवटीला दुपट्टा बांधून फिरतो, कुणाशी बोलत नाही. तो आणि माझा नवरा पानठेल्यावर एकाच बाकड्यावर बसणारे. “पातळ सार करून गाळून देतो,” ती म्हणायची, “दुसरं काई जात नाई त्याच्या गळ्यात.” मी तिला माहेरची पिवळी द्यायचे, कमी आंबट म्हणून. ती फाटकाशी आली की माझा नवरा मागच्या दारानं शेताकडे निघून जायचा. शेतात तेव्हा काही काम नसायचं. मी तिच्या ओटीत भेदरी टाकत असताना मागचं दार वाजलेलं ऐकायचे आणि आणखी दोन टाकायचे.

होळी झाली. ऊन वाढलं, बाकीची झाडं वाळली. विहिरीपलीकडच्या झाडाचं चिंधीवालं फळ तेवढं राहिलं होतं. सासूचं बी गावात आता फक्त तेच. मी साबणानं हात धुतले, फळ तोडलं, चुलीची राख चाळून थाळीत घेतली आणि ओट्यावर त्याच्यापुढे बसले. हे फळ बघून त्याला आई आठवली असावी. तो उठून रांजणाकडे गेला, चूळ भरली, हात घासून घासून धुतले. इतके धुतलेले मी कधी पाहिले नव्हते.

त्यानं फळ हातात घेतलं. वास घेतला. मग तोंडाशी नेलं आणि फिरवलं, पुन्हा फिरवलं, कुलपात बसणारी किल्लीची बाजू शोधावी तसं. समोरचे दात सालीवर घसरले. दोन बारीक ओरखडे उठले आणि रसाचा एक थेंब आला. त्यानं परत लावलं. फळ काही मोठं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात त्यानं अख्खं कोंबलं होतं, त्याच बियाचं, तेवढंच.

“सुरी आन,” तो म्हणाला.

“सुरी नाई लावत आपल्याकडं.” मी फळ परत त्याच्या तोंडाशी धरलं. “तोंड उघडा ना नीट.”

त्यानं जबडा ताणून दाखवला. वरच्या आणि खालच्या दातांमधल्या फटीतून बोट गेलं असतं, भेदरं नाही.

“उघडलंच तं हाय व.”