घटप्रभेच्या बुडातलं सिमेंट

चैत्र अजून सरला नव्हता, पण सोलापूरचं ऊन सकाळी आठलाच अंगावर धावून येत होतं. गिरणीच्या आवारातली राख तापली होती. कडुलिंबाखालचं कुत्रं एक सावली सोडून दुसरीला गेलं होतं. गिरणीला सुट्टी होती, पण बॉयलरवाल्याला सुट्टीच्या दिवशीच काम. एरवी आत विस्तव असतो. रेवणप्पा फाटकी बंडी घालून, तारेला बांधलेला दिवा घेऊन बॉयलरच्या पोटात उतरला होता. पाण्यानं धरलेला पांढरा थर हातोडीनं उडवायचा आणि खालचा पत्रा ठोकून ऐकायचा. चांगला पत्रा घंटेसारखा बोलतो, झिजलेला बद्द वाजतो. वीस वर्षं नौदलात स्टोकर, म्हणजे बोटीच्या पोटात बॉयलर सांभाळणारा, आणि आता तीन वर्षं इथं. या कानांनीच त्याचा संसार चालवला होता.

"रेवण्णाऽ! हायस का उकडून निघालास?"

आवाज ऐकून हातोडी थांबली. करकंबचा महिपती. 'घटप्रभा' या लढाऊ बोटीवर दोघं दहा वर्षं शेजारी झोपलेले, एका ताटात जेवलेले. रेवणप्पा भोकातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "पाटील, भूत बघितल्यागत काय बघतुयास? हात दे."

महिपतीनं त्याला ओढून काढलं. धुतलेलं धोतर, काखेत गुळाची छोटी ढेप आणि खिशातून वर आलेला कागद. दोघं लिंबाखाली बसले.

"जमलं गड्या," महिपती म्हणाला. "बोट मोडत न्हाईत आता. मुजियम करत्यात. आपल्या जुन्या साहेबाच्या कमिटीला सरकारनं कबूल केलंय. मुंबईतच धक्क्याला बांधून ठेवायची, वर तोफा, खाली जिने. लोकांनी तिकीट काढून बॉयलर-खोलीपतोर उतरायचं. दिवाळीत उघडणार. आमच्या गावच्या शाळेची ऐंशी पोरं पैल्या दिवशी न्यायचं मी बोलून बसलोय."

दोन वर्षांपूर्वी बोट कागदोपत्रीही सेवेतून काढली, भंगारवाले दाराशी आले, तेव्हा कमिटीला पहिलं पत्र रेवणप्पानंच धाडलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घास अर्ध्यातच अडकावा तसा.

"आनि ऐक," महिपती जवळ सरकला. "बॉयलर-खोलीत पितळी पाटी लागणार. ज्ञानूच्या नावाची."

ज्ञानू केमचा. वाफेची नळी फुटली त्या दिवशी दार बंद करायला तो आतच राहिला आणि बाकीचे अकरा जण बाहेर आले. त्याच्या नावाचा दगड गावात नाही की शहरात नाही. केमच्या स्टेशनाजवळ त्याची आई, बजाबाई, अजून एकटी राहते.

"बजाबाईला सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हातारीनं हात धरला माजा. म्हनली, मला ने, पाटीवर हात फिरवते. न्यायचं कबूल केलंय."

रेवणप्पा राखेवर बोटानं रेघा ओढत राहिला. महिपतीनं कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"ह्याच्यावर तुजी सही. बोटीच्या बुडाबद्दल काई ठावं असंल तर लिवा, नसंल तर 'काई न्हाय' लिवा, असं इचारलंय. बॉयलर-खोलीतली जुनी मानसं म्हंजे तू आनि मी. सुक्या गोदीत चढवून बूड तपासायचं भाडं कमिटीला झेपंना. जमलेलं नुसत्या रंगाला पुरंना झालंय. म्हनून वरनं बघितलं, आता आपल्याला इचारत्यात. 'काई न्हाय' लिव, मी बी लिवतो. संपलं."

"म्हैपती."

"लिव म्हनलं की."

"डाव्या अंगाला, तिसऱ्या बॉयलरच्या खाली."

महिपतीनं तोंड फिरवलं. दोघांनाही तेच दिसत होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बुडातलं पाणी उपसताना रेवणप्पानं पत्र्यावर हातोडी मारली, आणि पापडात बोट जावं तशी ती आत गेली. समुद्र कारंज्यासारखा वर आला. महिपतीनं दिवा टाकून लाकडी पाचर धरली, यानं ती ठोकली, भोवती फळ्यांची पेटी केली, आत सिमेंट ओतलं, वर रंग फासला. अडीनडीला सगळेच तसं करतात. पण केल्यावर वहीत नोंद करायची असते, म्हणजे पुढं गोदीत तो पत्रा बदलतात. नोंद केली असती तर बोट त्याच दिवशी गोदीत चढली असती आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या असत्या. रेवणप्पाच्या खिशात त्या दिवशी तार होती : अव्वाचं काही खरं नाही, ताबडतोब ये. त्यानं वही उघडली आणि मिटली. गावी, कुंभारीला पोचला तेव्हा आई त्याच्या वाटेकडं डोळे लावून होती. त्याच्या हातचं पाणी पिऊन तिसऱ्या दिवशी ती गेली. परत आल्यावर लिहू म्हणाला. परत आला तोवर बोट धक्क्याला बांधलेली, मोडीत काढायचं ठरलेलं. मोडायच्या बोटीचं बूड कोण बघतं?

"चार वर्सांत थेंब न्हाय आला आत," महिपती म्हणाला.

"सिमेंट धरून हाय. पत्रा न्हाय. आनि सिमेंटला धरायला बी पत्राच लागतो की. एका जागी हातोडी गेली, शेजारचा पत्रा किती जाड असंल?"

"मग लिव! गोदीला पैका न्हाय, म्हंजे सरळ भंगार. कापतील, तुकडं करतील, वितळवून कुनाच्या तरी खिडकीच्या गजात घालतील. सायबांच्या तलवारी काचंच्या कपाटात हायतच. आपलं काय हाय, रेवण्णा? तितं खाली आपुन भाजलो, ते कुनी बघितलंय? माज्या बायकोला अजून वाटतं मी वर झेंड्याजवळ हुबा ऱ्हात हुतो. एकदा तरी लोकांनी खाली उतरून बघावं, हितं मानसं हुती म्हनून!"

रेवणप्पानं मांडीवरचा कागद सारखा केला. हेच त्यानं स्वतः पत्रात लिहिलं होतं, फक्त इतकं चांगलं नाही.

तेवढ्यात रेवणप्पाची बायको सावित्रम्मा आली. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, कडेवर कोरा माठ.

"भावजी कवा आला? गाठोडं घ्या की जरा, बघत काय बसलाय!" तिनं माठ खाली ठेवला आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवला. "चार वाजवून बघितले तवा हा एक खरा निघाला. कुंभार म्हनतो, अक्का, घरी न्या, पाणी भरलं की कळंल. म्हनलं, पाणी भरल्यावर कळून काय उपेग?"

कुणीच हसलं नाही, तेव्हा तिनं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. मग मांडीवरच्या कागदाकडं.

रेवणप्पानं सांगितलं. पहिल्यांदाच. पाचर, सिमेंट, तार, मिटलेली वही. सावित्रम्मा भाकरी सोडता सोडता थांबली.

"म्हंजे अव्वाच्या येळंला तुमी आला, ते असं?"

"व्हय."

"आनि चार वर्सं माज्यापाशी बोलला न्हाईत."

"काय बोलू?"

"वैनी, तुमी तरी सांगा ह्याला," महिपती म्हणाला. "आईला पाणी पाजलं, ह्यात पाप कसलं?"

"पाप कोन म्हनतंय? अव्वा त्या पाण्यासाटी जीव धरून हुती. पुन्हा तशी तार आली तर म्या बी म्हनंन, या." तिचा आवाज चढला. "पर तवा खाली तुमी दोगंच हुता, ठावं असलेली. आता ऐंशी पोरं उतरनार. त्यास्नी काय ठावं? ब्याड म्हंजे ब्याड!" रागावली की 'नको'सुद्धा तिच्या तोंडी कानडीतूनच यायचं.

"आनि बजाबाई?" महिपती म्हणाला. "तिला कोन सांगनार?"

भाकरीवर माशी बसली, ती सावित्रम्मानं हाकलली नाही.

"म्या जातो केमला," रेवणप्पा म्हणाला. "फुडच्या सुट्टीला."

त्यानं महिपतीच्या खिशातलं पेन उपसलं. बॉयलरच्या पायरीवर कागद ठेवून सावकाश लिहू लागला. मधे एकदा हात थांबला. ज्ञानूनं दार ओढून घेतलं तेव्हा त्याचा हात असा थांबला असेल का, असं काहीतरी मनात आलं. मग त्यानं वाक्य पुरं केलं, सही केली. राखेचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला.

महिपतीनं कागद ओढून वाचला. "माजं नाव कुटं हाय?"

"न्हाय घातलं. म्या एकट्यानंच केलं, असं लिवलंय."

"दिवा तूच धरलास, पाचर तूच धरलीस, हातोडी तूच मारलीस? तीन हात हायत का तुला? कमिटीत इंजिनेर हायत, लेका, हसतील." त्याचे डोळे भरले होते आणि आवाजात शिवी होती. "वीस वर्सं नौकरी केली, पर लबाडी काई तुला धड जमली न्हाय."

त्यानं पेन हिसकावलं आणि खाली आपलं नाव लिहिलं. कागद घडी करून खिशात घातला.

"जेवून जावा, भावजी."

"नगं वैनी. आज न्हाय." गुळाची ढेप तिथंच ठेवून तो गेटाकडं चालू लागला. गेटापाशी तो थोडा थांबला. वाटलं वळेल. वळला नाही.

रेवणप्पानं भाकरी दोन घासांत संपवली. चव कळली नाही. ती बोट आता कापणार. त्यानं वाचवायला पहिलं पत्र लिहिलं, मोडायला शेवटचं. केमच्या म्हातारीपुढं बसून कुठून सुरुवात करायची, ते त्याला सुचत नव्हतं.

"किती ऱ्हायलंय आत?" सावित्रम्मानं विचारलं. माठ ती लिंबाच्या बुंध्याशी वाळूत बसवत होती.

"मागली बाजू. सांजच्याला झाकन बसवून पाणी सोडायचं हाय."

"मग बसलाय काय?"

त्यानं हातोडी घेतली, दिव्याची तार सोडवली आणि भोकातून आधी पाय, मग अंग आत घेतलं. आत ऊब होती. त्यानं थर उडवला, पत्र्यावर एक ठोका टाकला, कान लावला, खडूनं खूण केली आणि एक वीत पुढं सरकला.