बिनमायेची विजार आणि भिंतीलगतचे अंजीर

संयम हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर एक कृश, कोरडी, भुवया आक्रसलेली आकृती उभी राहते. जगातल्या यच्चयावत गोड वस्तूंशी जणू तिचे पिढीजात वैर आहे. असा संयम वंदनीय खरा, परंतु त्याच्या शेजारी बसून जेवावेसे कुणालाही वाटत नाही. याहून विरळा असा दुसरा एक संयम असतो. तो हसतमुख असतो. नको म्हणताना देणाऱ्याच्या हाताचा अवमान करीत नाही. स्वतःची मर्यादा स्वतः आखतो आणि एकदा आखली की तिच्या आत सुखाने नांदतो. हा गुण उपदेशाने येत नाही. बहुधा तो एखाद्या सणसणीत फजितीतून येतो. कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांना तो उतारवयाच्या उंबरठ्यावर, असाच फजिती होऊन लाभला.

मास्तरांचे दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचे दार, दाराशी उंच आरसा, मधोमध कापणीचे लांबलचक टेबल, आणि त्या टेबलावर ती कात्री, जिने कागद कापण्याची घरात कुणाची, अगदी लाडक्या लेकीचीही, प्राज्ञा नव्हती. मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे चिंचोळे परसदार. परसदाराची पलीकडची भिंत शेजारच्या बेकरीची होती. बेकरीवाल्याची भट्टी त्याच भिंतीला पाठ लावून बसलेली, त्यामुळे ती भिंत बारा महिने कोमट असे. लग्नानंतर मास्तरीणबाईंनी त्या भिंतीलगत अंजिराची एक फांदी खोचली होती. ती रुजली, वाढली, आणि मास्तरांच्या दृष्टीने चिंध्यांची पोती आड ठेवण्याच्या उपयोगी पडली. फळे पाखरे खात. मास्तर त्या झाडाला ‘ते लाकूड’ म्हणत.

मशीनवर शिवणारे पुष्कळ असतात. मास्तरांची ख्याती होती ती हातशिलाईची. काज, अस्तर, विशेषतः कॉलरीच्या आतले टाके. उजवा हात सुई चालवतो, परंतु सुईचे टोक कापडाखाली नेमके कोठे उगवले हे डाव्या हाताचे बोट सांगते. ती टोकाची हलकी चाहूल हीच या विद्येची गुरुकिल्ली. मास्तर म्हणत, “डोळे काय, म्हातारे झाले की चष्मा लावता येतो. बोटांना चष्मा नाही.”

त्यांच्या ख्यातीचे दुसरे कारण त्यांचे दाक्षिण्य. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. मास्तर कमरेला सढळ माया ठेवीत. गिऱ्हाईक वर्षभराने तीच विजार घेऊन ओशाळे होऊन दारात उभे राहिले, की मास्तर त्याच्या पोटाकडे दृष्टीही न टाकता म्हणत, “कापड आटलं, साहेब. हल्लीची कापडं अशीच.” मग शिवण उसवून माया मोकळी करीत. या एका वाक्याने त्यांनी कितीतरी सभ्य गृहस्थांची लाज राखली होती. असत्य ते असत्यच. परंतु एवढे मृदू असत्य क्वचितच कुणी शिवले असेल.

दुपारी बेकरीवाला मागच्या दाराने ट्रे घेऊन येई. हा मास्तरांचा बालमित्र. देहाने भट्टीएवढा आणि मनाने पावाएवढा मऊ. ट्रेमध्ये लोण्याची बिस्किटे, साखरेने मढवलेले केक, सोबत दोन कप चहा, ज्यातल्या साखरेत चमचा उभा राहावा.

“खा रे. तुटलेली आहेत, विकता येत नाहीत,” बेकरीवाला म्हणे.

“तुझी बिस्किटं बरी रोज नेमकी माझ्या वाट्यापुरती तुटतात,” असे म्हणत मास्तर खात. हा क्रम इतकी वर्षे चालला की ट्रेला उशीर झाला तर मशीनही कुरकुरते, असे मास्तरीणबाई म्हणत.

एके दिवशी नाक्यावरच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई आपल्या नव्या पांढऱ्या कोटाचे माप बघायला आल्या. कोट जवळजवळ तयार होता. कॉलर तेवढी मास्तरांच्या मांडीवर, हातशिलाईत होती. बाईंनी ती उचलून उजेडात धरली आणि थबकल्या. शुभ्र कापडावर एक लाल ठिपका. शेजारी दुसरा.

मास्तर खजील झाले. “अरेरे! बदलून देतो, डॉक्टर. नवीन कापतो.”

डॉक्टरीणबाई कॉलरीकडे पाहतच नव्हत्या. त्यांनी मास्तरांचा डावा हात धरून उलटा केला. बोटाच्या पेरावर सुईने पुन्हा पुन्हा टोचल्याच्या खुणा होत्या.

“हे टोचलं तेव्हा कळलं नाही तुम्हाला?”

मास्तर हसले, मग हसायचे थांबले. “नाही.”

“पायांना मुंग्या येतात?”

“येतात. बसून काम, म्हटलं त्यानंच येत असतील.”

रक्त तपासले. साखर इतकी वाढलेली, की बेकरीवाल्याने ऐकून कानांवर हात ठेवले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि गोड न बोलता सांगितले, “गोळी घ्यायचीच, पण गोळीच्या भरवशावर जेवायचं नाही. असंच चाललं तर बोटं परत येतील याची खात्री मी देणार नाही. आत्ता ताळ्यावर आलात तर पुष्कळशी यावीत.”

“आणि कोट?”

“कोट राहू दे. बोटांना कळायला लागलं की कॉलर शिवा. दुसऱ्या कुणाच्या हातची मला नको.”

तो बिनकॉलरचा कोट दुकानातल्या खुंटीवर टांगला गेला. जाता येता मास्तर त्याच्याकडे पाहत आणि हात खिशात घालत. सुई जाणे म्हणजे केवळ धंदा जाणे नव्हते. मास्तरांची ओळख, आणि जगाला स्पर्श करण्याची त्यांची रीत, त्या बोटाच्या पेरावर वसली होती.

भयाने मनुष्य प्रथम अतिरेक करतो. मास्तरांनी अन्नच वर्ज्य केले. दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाइकांवर खेकसू लागले आणि एका गृहस्थाच्या कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लावून बसले. मास्तरीणबाईंनी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणले. “उपाशी वाघाच्या गुहेत गिऱ्हाईक येत नाही. आधी जेवा. मग बघू कसं जेवायचं ते.” आणि डॉक्टरीणबाईंना गाठून, या गोळ्यांवर उपास केला तर काय होतं ते आपल्या पतिराजांना पुन्हा एकदा, जरा मोठ्या आवाजात, ऐकवण्याची व्यवस्था केली.

खरी फजिती पुढे झाली. मास्तरांची विजार इस्त्रीसाठी उलटी करताना मास्तरीणबाईंचा हात कमरेपाशी थांबला. आत जुन्या शिवणींची छिद्रे होती, एकीच्या बाहेर दुसरी, दुसरीच्या बाहेर तिसरी, ओंडक्याच्या कापावर वर्षांची वलये दिसावीत तशी. कडेला मायेचा धागाभरही शिल्लक नव्हता.

“अहो, हे कुणी उसवलं?”

“मीच. कापड आटलं होतं.”

शब्द तोंडातून गेला आणि मास्तरांना आपलेच वाक्य ऐकू आले. इतर लोकांना आपापली विजार खरे सांगते. पोट वाढले की ती आवळते. मास्तरांची विजार आवळू लागली, की त्यांची बोटे मनाला न विचारताच ती सैल करून टाकीत. जगाला अदबीने सांगितलेले असत्य त्यांनी स्वतःलाही विकले होते, आणि गिऱ्हाईक म्हणून निमूटपणे विकत घेतले होते.

“गावभर लोकांना फसवलंत ते एक ठीक,” मास्तरीणबाई पदर तोंडाला लावून हसू दाबत म्हणाल्या, “पण घरच्या गिऱ्हाइकालाही सोडलं नाहीत?”

मास्तरही हसू लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आले. मग उठून त्यांनी टेप घेतली आणि बायकोच्या हाती दिली. “तू घे माप. श्वास आत न ओढता उभा राहतो.” त्या मापाची नवी विजार त्यांनी बेतली, मशीनवर शिवली, आणि मग जे आयुष्यात कधी केले नव्हते ते केले: शिवणीबाहेरची सगळी माया कात्रीने कापून टाकली. आता उसवून सैल करायला आत काहीच उरले नव्हते. परतीचे दोर कापणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे.

घरातले जेवण साधे झाले. साधे म्हणजे बेचव नव्हे. अख्खी कडधान्ये, कोंड्यासह दळलेले धान्य, वाफवलेल्या भाज्या, मूठभर भाजलेले दाणे, काकडी नि गाजर साल न काढता. “एवढं चावायचं?” मास्तरांनी पहिल्या दिवशी विचारले. “दात कशाला दिलेत देवानं? धागा तोडायला?” असे उत्तर आले.

आणि त्या ‘लाकडा’चेही दिवस पालटले. चिंध्यांची पोती हलली, खोडाला मोकळा श्वास मिळाला, जुन्या रंगाच्या डब्यांत शेजारी लिंबू आणि पेरूची रोपे लागली. भट्टीच्या उबेने अंजिरे लवकर पिकत. जांभळी, अंगाला बारीक चिरा गेलेली, देठाशी मधाचा थेंब धरलेली. घरचे फळ म्हणजे औषध, अशा समजुतीने मास्तरांनी पहिल्याच तोडीची वाडगाभर अंजिरे फस्त केली आणि दवाखान्यात जाऊन तसे अभिमानाने सांगितले.

“मास्तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “झाड तुमचं आहे म्हणून साखर तुमचं ऐकेल असं नाही. दोन खा. बाकीची इकडे आणा.”

तेव्हापासून दोन. बाकीची दवाखान्यात, शेजारी आणि पाखरांना. ती दोन अंजिरे मास्तर अशा निगुतीने खात की बघणाऱ्याला वाडगाभर खाल्ल्याचे समाधान मिळावे.

अडचण होती ती दुपारच्या ट्रेची. पहिल्यांदा नको म्हटले तेव्हा बेकरीवाला ट्रे उचलून गेला, आणि पुढे येईनासा झाला. मास्तरांना बिस्किटांवाचून करमले, मित्रावाचून करमेना. शेवटी ते स्वतःच चार अंजिरे घेऊन भट्टीवर गेले.

“बिस्किटं सोडलीत मी. तुला सोडलंय का?”

“माझा हात पिठात गेला तेव्हापासून तू माझ्या हातचं खातोयस,” बेकरीवाला पाठमोराच म्हणाला. “आता काय, मी विष विकतो?”

“मग मला चालेल असं काही भाज की! कोंड्यासकट, बिनसाखरेचं.”

बेकरीवाला वळला. दुसऱ्या दिवशी त्याने कोंड्याचा पाव आणून टेबलावर ठेवला, टेबल हादरले.

“हा पाव आहे की पायरी?” मास्तरांनी विचारले.

“चावून दाखव, मग बोल.”

चावणे दुरापास्त होते. परंतु दोघे इतके हसले की रुसवा तेथेच विरघळला. पुढे पाण्याचे प्रमाण जमले, वर तीळ आले, आणि तो पाव इतका सुरेख उतरू लागला की बेकरीसमोर त्यासाठी माणसे थांबू लागली. बेकरीवाला त्याला मास्तरपाव म्हणे.

दिवस गेले. बिनमायेची विजार प्रथम नेमकी बसली, मग जरा ढिली झाली, मग चांगलीच सैल झाली. बोटांचे मात्र काही कळत नव्हते. मास्तर रोज सकाळी चिंधीवर टाके घालून पाहत आणि चिंधी टाकून देत. मास्तरीणबाई ती उचलीत, लाल ठिपका आहे का पाहत आणि पोत्यात टाकीत.

एके सकाळी दुकानातून अशी किंकाळी उठली की मास्तरीणबाई पळी हातात घेऊन धावल्या, भिंतीपलीकडून बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावला. मास्तर बोट उंच धरून टेबलाभोवती नाचत होते.

“टोचलं! अगं, टोचलं! काय दुखतंय म्हणून सांगू!”

“अरे, मग ओरडतोस काय लॉटरी लागल्यासारखा?” बेकरीवाला धापा टाकत म्हणाला.

“तू ये, तुलाही टोचतो!”

त्या दिवशी खुंटीवरचा कोट खाली उतरला. मास्तरांनी नवी कॉलर कापली, डोळे मिटले, आणि टाका टाका करीत ती पुरी केली. पांढऱ्यावर पांढरे, एकही ठिपका नाही. करंगळी मात्र आयुष्यभर बधिरच राहिली. तिच्याबद्दल मास्तर म्हणत, “ती राहू दे तशीच. आठवण ठेवायला घरात कुणीतरी हवं.”

‘कापड आटलं’ हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही. ओशाळे गिऱ्हाईक आले की ते शिवण उसवून देत, खिशात एखादा पेरू वा दोन अंजिरे सरकवीत आणि हळूच म्हणत, “अजून थोडी माया आहे, साहेब. पण वापरू नका.” कुणी हसत, कुणी रागावत, बरेच जण पुढच्या खेपेला शिवण आत घ्यायला येत. ज्यांनी ज्यांनी फांदी मागितली त्यांना मास्तर फांदी कापून देत. टेबलावरच्या त्या कात्रीने नव्हे, एवढे सांगायला हवे.

भरपूर वय झाल्यावर, एका निवांत दुपारी, परसदारातल्या खुर्चीत त्या कोमट भिंतीकडे तोंड करून बसलेले असतानाच मास्तर गेले. मांडीवर ताटली होती आणि ताटलीत दोन देठ.

दुकान आता त्यांची लेक चालवते. डॉक्टरीणबाईंचा कोट धुऊन धुऊन पातळ झाला आहे. कॉलर अजून ताठ आहे. भट्टी पेटते, भिंत कोमट असते, आणि अंजिराला फळ धरते.