मिशीसकट मुंडण

लेक जिवंत असताना मी मिशीसकट मुंडण करून वडशाला घरी आलो होतो. काल त्याच लेकीच्या, सुमनच्या, मुलाचं जावळ काढताना तुरटीचा वास आला आणि ते आठवलं.

नागपूरच्या दवाखान्यात कॅन्सरच्या औषधानं सहा वर्षांच्या सुमनचे केस गेले, म्हणून तिला सोबत द्यायला मीही मिशीसकट केस उतरवले. तिला आजीजवळ ठेवून कपडे न्यायला आलो. तान्ह्यासाठी घरी राहिलेली बायको अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून तिचं सूप थांबलं. ती रडली नाही. मलाही तेव्हा काही उमगलं नाही.

"सुमन बरी हाये वं. सकाळी जेवली," मी म्हणालो.

सूप थांबलं तेवढ्या वेळात बायकोच्या मनात लेक जाऊन परत आली होती, हे आता कळतं. तिनं उरलेले तांदूळ पाखडून संपवले.

"केसाइसंगं अक्कलई न्हाव्याले देऊन आले का जी?"