लेकीच्या गल्लीत

निवृत्त झाल्यावर वेल्ह्याचे एक एसटी कंडक्टर भोरला आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. त्यांची लेक याच गल्लीत दिली होती. माझ्या ओट्यावर बसतानाही ते "जरा पुढं सरका" म्हणायचे. लेकीची चौकशी मात्र तिच्या दारातूनच करून परतायचे. "लेकीकडं रोज जेवणं बरं दिसत न्हाई," म्हणत स्वतः भाकऱ्या थापायचे.

एका संध्याकाळी जावई त्यांच्या खोलीत येऊन जमिनीवर बसला. "मामा, आज तुमच्या हातची भाकरी वाढा." त्यांनी ओशाळत जाडजूड भाकरी वाढली. जावयाने आणखी एक मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी विचारलं, "कुठं?"

"लेकीकडं जेवायला. काल जावई आले व्हते, आज मी न्हाई गेलो तर त्यांना काय वाटंल?"