सगळ्यांना पाच गुण

माझ्या हातून एकदा कॉलेजातल्या साठ मुली एका ओळीत नापास झाल्या. ओळ मीच लिहिली होती, आणि तिच्यावर भाळलेही होते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या नागपूरच्या मुलींच्या कॉलेजात कॉम्प्युटर नवा होता, आणि मी गणिताची बाई, नुकतीच 'सी' ही कॉम्प्युटरची भाषा शिकून स्टाफरूममध्ये मिरवत होते. चाचणीत खेळाडू मुलींना पाच गुण वाढवून द्यायचे होते. त्यासाठी 'असेल तर हे, नसेल तर ते' सांगणाऱ्या इफ-एल्सच्या चार ओळी लिहिणं मला गावंढळ वाटलं. एका ओळीत भागवायची युक्ती होती: प्रश्नचिन्हाआधी अट लिहायची. ती खरी ठरली तर कोलनच्या अलीकडचं घ्यायचं, खोटी ठरली तर पलीकडचं. एवढं कळल्यावर बाईसाहेबांनी झोकात लिहिलं: एकूण = गुण + खेळ ? ५ : ०. खेळाडूसाठी 'खेळ' एक, बाकीच्यांसाठी शून्य. ओळ तपासून बघताना गुणही शून्यच धरले, सोपं म्हणून. उत्तरं आली पाच आणि शून्य. अगदी बरोबर! मग यादी न वाचताच बोर्डावर लावायला दिली.

दुसऱ्या दिवशी शिपाईणबाई म्हणाली, "मॅडम, सगळ्या पोरीइले पाचच काहून देल्ले?"

मी धावत जाऊन ती ओळ पुन्हा वाचली. 'खेळ ? ५ : ०' याभोवती कंस घालायचा राहिला होता. कॉम्प्युटरनं आधी गुणांत 'खेळ' मिळवला आणि त्या बेरजेलाच अट मानलं. बेरीज शून्य नाही म्हणजे अट खरी, म्हणून प्रत्येकीला पाच. अठ्ठ्याऐंशीवालीलाही पाच.

यादी बोर्डावरून उतरवली. पण ती अठ्ठ्याऐंशीवाली, उमरेडहून रोज एसटीनं येणारी, त्या दिवशी आलीच नव्हती. नापास झालीस तर कॉलेज बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. तिनंच मला सांगितलं होतं. मी तशीच एसटीत बसले.

वडील हातमागावर विणत होते. कोपऱ्यात तिची पुस्तकं सुतळीनं बांधून ठेवलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, मशीनची नाही, माझी चूक. मुलगी दारात येऊन थांबली, माझ्याकडे बघेना. वडिलांनी माग थांबवला. मग म्हणाले, "काल म्या तिले इचारलं, मशीन चुकते का? तर पोरगी म्हने, मशीन नाही बाबा, मॅडमच चुकल्या असतीन. मॅडमले नावं ठेवते म्हून म्या हात उचलला तिच्यावर."