सुनंदाचा कॅमेरा आणि माझा

डहाणू रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या गळ्यात माझा कॅमेरा होता, सुनंदाच्या छातीवर तिचा होता, आणि आम्ही दोघी एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलत होतो.

कारण सांगते. येत्या दिवाळीनंतर आम्ही तिघी मैत्रिणी साल्हेरपासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावरून सलग चालत जाणार आहोत. मी, सुनंदा आणि हेमांगी. त्या चालीची फिल्म करायची हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पण पाठीवर तंबू, शिधा आणि पाणी घेतल्यावर एकच कॅमेरा आणि त्याच्या बॅटऱ्या, एवढंच वजन झेपणार होतं. म्हणजे कॅमेरा एकीच्याच हातात असणार आणि फिल्म तिचीच होणार. ती एक मी असावी असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, मी ते धरूनच चालले होते.

त्यासाठी मी कितीतरी महिने वाचन केलं, दुकानदारांचं डोकं खाल्लं आणि शेवटी एक दणकट कॅमेरा घेतला. अंगावर जाड रबर, हातमोजे घालूनही दाबता येतील अशी मोठी बटणं, पाण्यात बुडवला तरी चालणारा. तो घेतल्याचं सुनंदाला सांगितलं आणि पुढच्याच रविवारी ती स्वतःचा कॅमेरा घेऊन हजर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, लोहचुंबकाने सदऱ्यावर चिकटणारा. दुकानात गेले, आवडला, घेतला, असं ती म्हणाली. तिचं सगळं असंच असतं. आम्ही दोघींनी आजवर बरोबरीनं गड चढलेत, बरोबरीनं फोनवर व्हिडिओ काढलेत. लोक तिच्या व्हिडिओला बदाम पाठवतात आणि माझ्या व्हिडिओखाली ‘माहितीपूर्ण’ असं लिहितात.

निवाडा करायचं हेमांगीवर आलं. ती आमच्याहून बरीच लहान, तलासरीच्या एका शाळेत शिकवते. तिचं माहेर डहाणूचं, अगदी किनाऱ्यावरचं, मासेमारी करणारं. दोघी दोन दिवस माझ्याकडे या, म्हणाली. खारं पाणी, वाळू, धूळ, चढ सगळं एका तालुक्यात आहे. इथे टिकेल तो कॅमेरा कुठेही टिकेल.

स्टेशनवरून रिक्षानं किनाऱ्याकडे निघालो. सुरूची झाडं दिसायच्या आधी वास आला. हेमांगीच्या घरापुढे वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूंचे मांडव) उभ्या होत्या आणि त्यांच्या दोऱ्यांवर ओल्या बोंबलांच्या रांगा चमकत होत्या. हेमांगीची आई पाटीपाशी उकिडवी बसून बोंबील निवडत होती. आम्ही तिला मावशी म्हणू लागलो. तिनं हात न थांबवता आम्हाला बसायला सांगितलं.

मी लगेच कामाला लागले. जरा उंचवटा पाहून उभी राहिले आणि मांडव, मागचा समुद्र, ओहोटीमुळे दूर गेलेलं पाणी, चिखलात कललेल्या होड्या असं सगळं एका दमात टिपलं. हात अजिबात हलला नाही. समाधानानं वळून पाहते तर सुनंदा मावशीच्या शेजारी बसून बोंबील टांगायला शिकत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. छातीवरचा तिचा कॅमेरा मावशीचे हात जवळून पाहत होता. मावशी बोलत होती, हसत होती.

मग मीही गेले. मला शिकवायची गरज नाही, मी पाहिलंय, असं म्हणून पुढच्या दोरीवर बोंबील टाकू लागले, एकेक, ओले टॉवेल वाळत घालतात तसे. वाऱ्याची एक झुळूक आली आणि माझी सगळी रांग वाळूत. कावळे तयारच होते. मावशीनं हातातली जोडी दोरीवर टाकली आणि मला म्हणाली, “एकटा ऱ्हात नाय गो बाय. त्याला धरायला दुसरा लागतो.” सुनंदानं वाळूतले बोंबील गोळा करून धुवून आणले. तिच्या छातीवरचा लाल दिवा तेवढा वेळ चालूच होता, हे माझ्या लक्षात आलं.

दुपारी पाण्याची परीक्षा झाली. हेमांगीनं दोन्ही कॅमेरे भरतीच्या कडेला पाण्यात धरले, वाळूत लोळवले आणि घरी येऊन गोड्या पाण्यानं धुतले. माझा पुसला की कोरडा. सुनंदाच्या कॅमेऱ्याच्या माईकमध्ये पाणी राहिलं आणि संध्याकाळपर्यंत तो सर्दी झाल्यासारखा बोलत होता. मी वर वर हळहळले.

तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकलेले एक काका थांबले. माझ्या गळ्यातल्या धुडाकडे बघून त्यांनी विचारलं, “बंदराच्या कामाला आलाव काय?” मच्छीमारांना नको असलेल्या वाढवणच्या बंदराचं चालल्यापासून या किनाऱ्यावर मोठा कॅमेरा दिसला की माणूस आधी हे विचारतो, असं हेमांगीनं मला हळूच सांगितलं. आम्ही डोंगर चढणाऱ्या बायका आहोत हे तिनं त्यांना पटवलं, तरी माझ्याकडे पाहत पाहतच ते गेले. सुनंदाच्या काडेपेटीकडे त्यांनी बघितलंही नाही. ती तशीच त्यांच्याबरोबर चार पावलं चालत गेली आणि परत आली तेव्हा तिला त्यांच्या होडीचं नाव, मुलीचं सासर आणि यंदा मासा कुठे गेला हे सगळं ठाऊक झालेलं होतं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं तिखट कालवण होतं. मावशीनं सुनंदाला आग्रह करून तिसरी भाकरी वाढली. मला दुसरीच्या वेळी विचारलं होतं आणि मीच नको म्हटलं होतं, तरी मला ते लागलं.

ऊन उतरल्यावर कोसबाडच्या टेकडीकडे चालत निघालो. वाट चिकूच्या वाड्यांतून जाते. झाडं इतकी दाट की खाली दिवसाही गार, निळसर सावली. तिथे एक बाई लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीनं चिकू उतरवत होती. सुनंदानं तिच्याशी मराठीत सुरुवात केली, बाईनं अर्धं गुजरातीत उत्तर दिलं, आणि दोघींचं व्यवस्थित जमलं. बाईनं बांबू तिच्या हातात दिला. मी एका झाडाखाली उभी राहून भिंग पुसत होते. भिंगाला काही झालेलं नव्हतं.

टेकडीवर माझा कॅमेरा हातातून निसटला आणि दगडांवरून तीनदा आपटत खाली गेला. उचलला तर चालू. रबराला नुसता एक ओरखडा. हेमांगीनं कौतुकानं मान हलवली आणि मला इतका आनंद झाला की माझी अक्कल जमिनीवर आपटली आहे हे मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालक्ष्मीचा गड. पायथ्याच्या देवळात नारळ फोडून आम्ही चढू लागलो. अर्ध्या वाटेवर ऊन तापलं आणि सुनंदाचा कॅमेरा गरम होऊन आपोआप बंद पडला. तिनं त्याला ओल्या रुमालात गुंडाळलं, फुंकर घातली, पण तो काही उठेना. माझा माथ्यापर्यंत चालला. वरून हायवेवरचे ट्रक मुंगीएवढे दिसत होते. वारा भरारत होता, आणि मी वाऱ्याचा आवाज कमी करायचं बटण दाबून, क्षितिज सरळ ठेवून, अतिशय उत्तम चित्रण केलं. सुनंदा दगडावर बसून नुसतं बघत होती. मी जिंकले होते. उतरताना मी तिला माझ्या बाटलीतलं पाणीसुद्धा दिलं.

गडावरून आम्ही तलासरीला गेलो, कारण ठाण्याची बस आम्हाला तिथून हायवेवर मिळणार होती. त्या दिवशी तलासरीचा बाजार होता आणि मावशी सुके बोंबील घेऊन आलेली होती. माल दुपारीच संपला म्हणून तीही हेमांगीच्या खोलीवर चहाला आली. हेमांगीनं दोन्ही कॅमेऱ्यांतलं चित्रण तिच्या टीव्हीवर लावलं. शेजारच्या दोन शिक्षिकाही येऊन बसल्या.

आधी माझं लागलं. स्वच्छ, स्थिर, सरळ. थोड्या वेळानं हेमांगी म्हणाली, “मीनाताई, यात सगळीकडे सुनंदाताईच आहेत.” खरंच होतं. मांडवापाशी सुनंदा, पाण्याच्या कडेला सुनंदा, गडावर दगडावर बसलेली सुनंदा. दोन दिवस मी समुद्र आणि डोंगर टिपतेय असं समजत होते आणि माझी नजर तिच्यावरून हलली नव्हती.

मग सुनंदाचं लागलं. हलत होतं, आवाज चोंदलेला होता, एकदा तर आभाळ खाली गेलं. पण मावशीचे हात पडद्यावर आले आणि खोलीतलं बोलणं थांबलं. मावशी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. जाळंवाले काका हसले. चिकूवाली बाई अर्ध्या गुजरातीत आपल्या सुनेबद्दल काहीतरी सांगून लाजली. सुनंदाच्या त्या छोट्या कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद बघतं, कडेकडेचं सगळं त्यात येतं. त्या कडेला, झाडाखाली, मी होते.

हातात फडकं, समोर कॅमेरा, आणि डोळे सुनंदावर खिळलेले. माझा तो चेहरा मी आरशात कधी पाहिलेला नाही. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या. तो चेहरा पडद्यावर बराच वेळ होता, कारण सुनंदा चिकू उतरवण्यात गुंतलेली होती.

“ही बाय का गो चिडल्ये?” मावशीनं सरळ विचारलं.

शिक्षिका चहाच्या कपात बघू लागल्या. माझे कान तापले.

“ऊन होतं तिच्या तोंडावर,” सुनंदा म्हणाली.

पडद्यावर चिकूच्या वाडीतली गार, निळसर सावली होती. सगळ्यांना दिसत होती. मावशीनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा सुनंदाकडे, आणि मान डोलावून म्हणाली की हो, ऊन फार लागतं या दिवसांत.

हेमांगीनं टीव्ही बंद केला. तिचा निवाडा तयार होता. “न्यायचा कॅमेरा मीनाताईंचा,” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता, “पण धरायला सुनंदाताई.”

मी दोन दिवस ज्याची वाट पाहत होते त्याचा अर्धा भाग मला मिळाला, आणि तोही नको असलेला. कॅमेरा माझा, निवड माझी, अभ्यास माझा, आणि फिल्म तिची. त्या क्षणी कॅमेरा पिशवीत घालून तडक घरी जावं असं वाटलं. सुनंदा म्हणाली की तो मीनाचा आहे, मीनाचं मीनानं ठरवावं. यावरही मला राग आला, कारण आता ठरवायला मी मोकळी होते.

मावशीनं निघताना सुक्या बोंबलांचं एक पुडकं दिलं. दोघींत एकच.

बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. सुनंदा खिडकीशी बसली आणि मनोर यायच्या आत तिचा डोळा लागला. मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसले. लांबच्या चालीसाठी कुठला कॅमेरा घ्यावा असं तुम्ही वाचक मला नेहमी विचारता, म्हणून लिहिते. पाण्यात टिकणारा घ्या, उन्हात बंद न पडणारा घ्या, मोठ्या बटणांचा घ्या, वजन जास्त असलं तरी घ्या. माझाच घ्या, थोडक्यात. पण तो कुणाच्या गळ्यात घालायचा हे दुकानात कळत नाही. ज्याच्याजवळ माणसं येतात त्याच्या गळ्यात घाला. तो माणूस तुम्ही नसाल तर त्रास होतो. मला झाला, अजून होतोय. सुनंदा झोपेतही मला चांगली दिसत होती, याचासुद्धा झाला.

कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या मापाचा होता. सुनंदा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. मी बक्कल काढलं आणि पट्टा एक घर सैल केला. दुसरं घर करताना हात जरा जड झाला, पण केलं. बकलाच्या आवाजानं ती जागी झाली. आधी पट्ट्याकडे आणि मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “डोळ्यांत पाणी का गं?”

“ऊन आहे तोंडावर,” मी म्हणाले.

आम्ही बसच्या सावलीच्या बाजूला बसलो होतो.