बाही वर कर

जहिदाबाईंचा माणसाच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास नव्हता. रक्त द्यायला कोणी आला की त्या त्याचं नावगावही विचारायच्या नाहीत. थेट म्हणायच्या, "बाही वर कर."

जव्हारच्या ज्या दवाखान्यात आम्ही दोघी होतो तो आता उरलेला नाही, म्हणून त्याचं नाव सांगत बसत नाही. वीस खाटा, एक डॉक्टर, तपासणीच्या खोलीत मी आणि वॉर्डात जहिदाबाई आया. मी, वेणू, नाशिकला शिकून आलेली, सर्टिफिकेटवाली. त्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती. तरी रक्त देणाऱ्याला आत घ्यायचं की परत पाठवायचं हे त्या ठरवायच्या आणि डॉक्टर मान डोलवायचे. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. मग एवढं शिकून मी इथे काय करते आहे, असं वाटायचं.

पण खरं सांगायचं तर माझ्याकडे होतं काय? ते पंचाहत्तर साल. रक्ताचा गट बघता यायचा, दोन रक्तं जुळतात का ते बघता यायचं, हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसायचे. कावीळ रक्तात लपून बसलेली असेल तर ती ओळखायची काहीच सोय नव्हती. छापील फॉर्मवर एक प्रश्न असायचा, 'पूर्वी कावीळ झाली होती का?' सगळे 'नाही' म्हणायचे. आत खाटेवर बायको तळमळत असताना 'हो' कोण म्हणेल?

म्हणून जहिदाबाई हात बघायच्या. पाड्यांवर कोणाला कावीळ झाली की भगत विळ्याचं टोक तापवून मनगटाच्या वर डाग द्यायचा. पोटदुखीचा डाग पोटावर, काविळीचा हातावर. डाग काही पुसला जात नाही. तो दिसला की जहिदाबाई स्वतःच त्या माणसाची बाही खाली ओढायच्या आणि मला म्हणायच्या, "लिही." मी रजिस्टरात 'रद्द' लिहायची.

या संशयाला कारण होतं. त्यांचा नवरा तय्यब बाजारपेठेत भांड्यांना कल्हई करायचा. शहरात त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा इस्पितळाच्या पायरीवर बसलेल्या एका रक्त विकणाऱ्याचं रक्त त्याला चढवलं. माणूस हसतखेळत घरी आला. चौथ्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले आणि पाचव्यात तो गेला. अशी कावीळ सहा महिन्यांपर्यंत कधीही डोकं वर काढते, हे जहिदाबाईंना तेव्हा कळलं.

"मी त्या रक्तवाल्याला विचारलं होतं, वेणू," त्या सांगायच्या. "भाईजान, तब्येत बरी आहे ना? एकदम फर्स्ट क्लास म्हणाला." तेव्हापासून त्यांनी लोकांना विचारणंच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी भाद्रपदात पोशेऱ्याहून बुध्या नावाचा माणूस बायकोला घेऊन आला. तिचं नाव रामी. मूल पाड्यावरच झालं होतं, सुखरूप होतं, पण रामीचं रक्त थांबत नव्हतं. बरोबर आलेल्यांपैकी कोणाचा गट जुळेना, रजिस्टरातलंही कोणी जवळ सापडेना. बुध्याचा जुळला, ओ. त्याचा जीव भांड्यात पडला, आमचाही. मग जहिदाबाईंनी त्याची बाही वर केली. मनगटाच्या वर दोन बोटं रुंद, जुना डाग होता.

"कावीळ," त्या म्हणाल्या.

"नाय बाई, मला नाय झाली कवा. हा त आयनं..."

"सगळ्यांना आईनंच दिलेला असतो." त्यांनी बाही खाली ओढली. "लिही, वेणू."

मी लिहिलं. डॉक्टरांनी रामीला नाशिकला न्यायला सांगितलं. जीप मोखाडा ओलांडून घाटात शिरली आणि तिथेच रामी गेली. जीपवाल्याने येऊन सांगितलं तेव्हा जहिदाबाईंनी ओढणीने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "ते रक्त दिलं असतं तर चार महिन्यांनी गेली असती." मला ते पटलं. नियमाने बघायचं तर आमचं काहीच चुकलं नव्हतं.

फाल्गुनात जहिदाबाईंची एकुलती एक मुलगी बिलकीस आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला, आणि रामीचं झालं तसंच हिचं सुरू झालं. बिलकीसचा गट ओ. जहिदाबाईंचा बी, जावयाचा ए. मी रजिस्टर उघडलं. जवळपासची ओ गटाची तीन नावं सापडली. एक भिवंडीला कामाला गेलेला, दुसरा तापाने फणफणलेला. तिसऱ्या नावापुढे माझ्याच अक्षरात 'रद्द' होतं.

रामी गेल्यापासून बुध्या शिरपामाळकडच्या रस्त्यावर खडी फोडत होता. रोज आमच्या फाटकावरून जायचा, पण आत बघायचा नाही. मी जहिदाबाईंना नाव सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "बोलाव," एवढंच म्हणाल्या.

मी धावत गेले. कोणासाठी रक्त हवं आहे ते लपवलं नाही, तेवढी लाज मला होती. बुध्याने हातोडा खाली ठेवला आणि माझ्या मागोमाग चालू लागला.

दारात जहिदाबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत बुध्यानेच बाही वर केली.

"बघ बाई. डाग तोच हाय. रगात बी तेच हाय. तवा वायट होतं, मंग आज चांगलं कसं झालं?"

जहिदाबाईंनी त्याची बाही खाली ओढली आणि बटण लावलं. आतून डॉक्टरांनी हाक मारली, "जहिदाबाई, हात बघितला का?"

"बघितला."

मी तिथेच उभी होते. डाग आहे हे मीही सांगितलं नाही. बुध्या आत जाऊन बाकावर आडवा झाला आणि त्याने डाग नसलेला हात पुढे केला.

बिलकीस वाचली. मग आमचे सहा महिने सुरू झाले. रोज सकाळी जहिदाबाई मुलीला अंगणात उन्हात उभी करायच्या आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. नखं बघायच्या. हळदीने बोटं पिवळी दिसतील आणि आपण फसू, म्हणून त्यांनी घरातली हळद बंद केली. बिलकीसला यातलं काही माहीत नव्हतं. ती वैतागायची, "अम्मी, मी काय आंबा आहे, पिकला का बघायला?" जहिदाबाई हसायच्या आणि दवाखान्यात येऊन मला सांगायच्या, "आजही पांढरे आहेत." मग माझाही घास खाली उतरायचा.

आणि बुध्या यायचा. दर बाजाराच्या दिवशी फाटकाशी उभा राहून विचारायचा, "पोर पिवळी झाली का?"

कसला हा प्रश्न! जहिदाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "वाट बघतोय मेला," त्या म्हणायच्या. "त्याची गेली ना, आता माझीही जावी असं वाटतंय त्याला." मलाही तसंच वाटायचं. रक्त देताना त्याने मनात काय धरलं असेल कोण जाणे, असंही मी एकदा बोलून गेले. त्याला दोनदा मीच हाकललं. तो निमूट जायचा आणि पुढच्या बाजाराला पुन्हा हजर व्हायचा.

भाद्रपदात सहा महिने पुरे झाले. त्या बाजाराच्या दिवशी जहिदाबाईंनी स्वतःच बिलकीसला हाताला धरून फाटकाशी आणलं. "ये, बघ," त्या बुध्याला म्हणाल्या. "होऊ दे तुझं समाधान."

बुध्या जवळ आला. वाकून त्याने बिलकीसचे दोन्ही डोळे नीट पाहिले. "पांढरं हायत," तो म्हणाला. मग फाटकाचा खांब धरून खाली बसला. "म्हंजे आय खरंच बोलली."

जहिदाबाई काहीतरी खरमरीत बोलणार होत्या, त्या थांबल्या. कोणाला त्यांनी प्रश्न विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. "काय बोलली तुझी आई?"

"मोठ्या भावाला कावीळ झाली होती. भगत त्याला डाग द्यायला आलेला. आय म्हणली, विळा तापलाच हाय त धाकट्याला बी दे, म्हंजे याला व्हनार नाय. मला कावीळ कवाच झाली नाय, बाई. पर दवाखान्याची माणसं खोटं कशापायी बोलतील? रामी गेली आन् मला आयचाच संशय आला. वाटलं, म्हातारी लपवते. वरीस झालं, तिच्याशी धड बोललो नाय मी."

बिलकीस एकदा आईकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"त्या दिशी सांगत होतो," बुध्या म्हणाला. "तू बाही खाली केलीस."

जहिदाबाई तिथेच मातीत बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. तय्यबच्या मागेही त्या इतकं रडल्या नसतील. मुलीचे डोळे पांढरे राहावेत म्हणून त्यांनी सहा महिने दुवा मागितली होती. ते पांढरे राहिले, आणि रामी वाचली असती हे त्यांना कळलं.

पुढे नऊ वर्षं त्या त्याच दारात होत्या. 'बाही वर कर' सुटलं नाही, संशयही सुटला नाही. पण डाग दिसला की त्या स्टूल ओढून समोर बसायच्या, "कशाचा?" म्हणून विचारायच्या, आणि माणूस सांगून संपेपर्यंत मला लिहू द्यायच्या नाहीत.

ही गोष्ट ऐकणारे जहिदाबाईंना नावं ठेवतात. मी ऐकून घेते. पण त्या दिवशी बुध्याचं 'हा त आयनं' मलाही स्पष्ट ऐकू आलं होतं. जहिदाबाईंना लिहिता येत नव्हतं. पेन माझ्या हातात होतं.